समोर मूल नसेल तर ‘प्रयत्न’ कुठे सुरू होतो?

अल्पवयीन मुलीच्या नावाने पोलीसच चॅट करत असेल आणि समोरचा माणूस ठरल्या जागी येऊन पोहोचला, तर बचाव ठरलेला असतो: मूल नव्हतेच, मग गुन्हा कसला? मुक्तीनंतर पोर्तुगीज संहितेच्या जागी गोव्यात भारतीय दंड संहिता आली. तिच्या ‘प्रयत्ना’विषयीच्या कलम ५११ मध्ये याचे उत्तर होते. चोराने हात घातलेला खिसा रिकामा निघाला, तरी चोरीचा प्रयत्न झालाच.

गोव्यातला बालशोषणाचा धडा मात्र इंटरनेटच्या आधीचा. मडगावातल्या एका निवाऱ्यातील मुलांचे शोषण १९९१ मध्ये उघडकीस आले, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. पुढे २००३ चा गोवा बाल कायदा आला. मुलांची अश्लील छायाचित्रे दिसल्यास फोटो धुणाऱ्यांनी पोलिसांना कळवावे, असे बंधन त्यात होते. रोल धुण्याचे दिवस तेव्हा सरतच आले होते.

खरा गुंता पुढचा आहे. कलम ५११ फक्त दंड संहितेतल्या गुन्ह्यांपुरते होते. म्हणून २००९ मध्ये लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या दुरुस्तीत आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात प्रयत्नाची वेगळी कलमे घातली गेली. पोक्सोच्या कलम १८ ची भाषा जवळपास ५११ चीच, पण रिकाम्या खिशाचे उदाहरण तिकडे आले नाही. माझ्या मते तत्त्व तेच राहते. मुलाची व्याख्या पुढे करून आरोपीला सोडणे म्हणजे कायद्याचा हेतूच सोडणे.

तरी तयारी आणि प्रयत्न यांतली रेघ उरतेच. परवान्याशिवाय दिल्लीकडे निघालेला भाताचा ट्रक राज्याच्या हद्दीच्या अलीकडे अडवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती नुसती तयारी मानली होती: चालकाचे मन वाटेत बदलू शकले असते. १९८० मध्ये वसईजवळच्या खाडीचे प्रकरण आले. तस्करीची चांदी उतरवली जात होती, खाडीतून यांत्रिक होडीचा आवाज येत होता. सत्र आणि उच्च न्यायालयातून सुटलेले आरोपी सर्वोच्च न्यायालयात प्रयत्नासाठी दोषी ठरले. चॅटला हाच निकाल जवळचा वाटतो. नुसते अश्लील बोलणे वेगळे. भेटीची वेळ ठरवून, खोली घेऊन माणूस गोव्यात उतरला की होडीचा आवाज आलाच म्हणायचा.

विषय आधी कोणी काढला, हेही तपासावे लागते. लाचेच्या सापळ्यातही मागणी आरोपीकडून आली का, हे पाहिले जाते; चॅटची नोंद पहिल्या संदेशापासून जपायची ती याचसाठी.

१ जुलै २०२४ पासून ५११ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ ने घेतली, रिकाम्या खिशासकट. पोक्सोचे कलम १८ तसेच आहे.