होट्टलच्या सुरसुंदरीचा फोटो का हटला?

देगलूर तालुक्यातल्या होट्टल गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, म्हणजे देखण्या स्त्रियांच्या मूर्ती, कोरल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात, सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं तेव्हा मी त्यातल्या एकीचा फोटो काढला. त्या उन्हात दगड तांबूस दिसत होता आणि कमरेच्या मेखलेचा एकेक मणी मोजता येत होता. संध्याकाळी तो फोटो एका मोठ्या सोशल मीडिया प्लॅटफॉर्मवर टाकला. चाळीस मिनिटांत हटला. कारण एका शब्दाचं: नग्नता. माझ्याकडूनच व्हॉट्सॲपवर घेतलेला तोच फोटो मित्राने त्याच प्लॅटफॉर्मवर टाकला होता. तो अजून तिथे आहे, लोक खाली हात जोडून जातात.

असं आधीही झालंय. ऑस्ट्रियात 1908 साली सापडलेली विलेंडॉर्फची व्हीनस ही जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीची, सुमारे 30 हजार वर्षांपूर्वीची चुनखडीची मूर्ती. फेसबुकने तिचाही फोटो हटवला होता. 2018 मध्ये व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा कंपनीने चूक कबूल केली. शिल्पांना मुभा देणारा नियम त्यांच्याकडे आधीपासूनच होता.

मग नियम असून असं का होतं? नियम माणसांच्या भाषेत लिहिलेला असतो, पण रोजचे कोट्यवधी फोटो आधी यंत्राच्या, म्हणजे एका संगणक प्रोग्रॅमच्या, हाताखालून जातात. त्या यंत्राला लाखो फोटो दाखवून शिकवलेलं असतं: हे चालतं, हे चालत नाही. नवा फोटो आला की त्यातले रंग, कडा, आकार ते शिकलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि न चालणाऱ्या फोटोंशी तो किती जुळतो ते सांगणारा 0 ते 1 मधला एक आकडा देतं. समजा, आकडा 0.9 च्या वर गेला की फोटो काढायचा, असं ठरलेलं आहे.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट लगेच उमजेल. हमीभाव केंद्रावर सोयाबीन नेलं की ओलावा मोजायचं मीटर लावतात. 12 टक्क्यांपर्यंत चालतो. एकाच वावरातल्या दोन पोत्यांपैकी एक 11.8 भरलं तर घेतात, दुसरं 12.3 भरलं तर परत. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली, तेव्हा आधी नाकारला गेला असता असा माल चालू लागला. दाणा तोच होता, रेघ सरकली.

माझ्या फोटोचंही असंच काही झालं असणार. व्हॉट्सॲपवरून जाताना फोटो दाबला जातो, बारकावे पुसट होतात. माझा 0.91 भरला असेल, मित्राचा 0.87. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शिवाय प्लॅटफॉर्म आपली रेघ अधूनमधून सरकवतात आणि ते आपल्याला कळत नाही. पण मीटरशी तुलना इथे संपते, कारण मीटर दाण्यात खरोखर असलेलं पाणी मोजतं. हे यंत्र फक्त साम्य मोजतं. ही मूर्ती आहे, हे देऊळ आहे, इथे लोक नारळ फोडतात, हे पिक्सेलमध्ये, म्हणजे फोटोच्या रंगीत ठिपक्यांत, कुठेच लिहिलेलं नसतं.

यंत्र 99 टक्के अचूक असलं तरी भागत नाही. दिवसाला 1 कोटी फोटो येतात आणि त्यांत 10 हजार खरोखर नियमाबाहेरचे आहेत, असं धरू. यंत्र त्यांतले 9,900 पकडेल. उरलेल्या 99 लाख 90 हजार निर्दोष फोटोंपैकी एक टक्का, म्हणजे 99,900 सुद्धा पकडेल. म्हणजे पकडलेल्या दर अकरा फोटोंत दहा निर्दोष! रेघ वर नेली तर निर्दोष सुटतात, पण नको तेही सुटतात. खाली आणली तर उलटं. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर यंत्राला नीट शिकवावं लागतं आणि मध्ये माणूस बसवावा लागतो. या दोन्हीला पैसा लागतो.

माणूस बाजूला केला की काय होतं ते 2020 मध्ये दिसलं. कोरोनामुळे यूट्यूबने तपासणी मुख्यतः यंत्रावर सोपवली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत 1 कोटी 10 लाखांहून जास्त व्हिडिओ हटले, आधीच्या तिमाहीच्या जवळजवळ दुप्पट. अपील झालेल्यांपैकी सुमारे निम्मे परत आणावे लागले.

शब्दांच्या बाबतीत तर आणखी अवघड. आमच्याकडे आजी नातवाला म्हणते, "मुडद्या, कव्हाचं ताट वाढून ठेवलंय!" हे निव्वळ जीव लावणं असतं. हिंदी-मराठीची लिपी एक. यंत्र हिंदीच्या ढिगावर वाढलेलं असलं तर त्याला यात फक्त मुडदा दिसणार. उलट "तुमच्याकडे बघावं लागेल" ही खरी धमकी सभ्य शब्दांत असल्यामुळे निसटते. हा फरक कळायला परभणीचा, बीडचा माणूस तपासणीला हवा.

गणिताने न सुटणारी एक गोष्टही आहे. 2021 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. नामांकित लोकांच्या पोस्ट नेहमीच्या कारवाईतून वगळून वेगळ्या तपासणीकडे पाठवणारी 'क्रॉसचेक' नावाची व्यवस्था तिथे होती आणि 2020 मध्ये तिच्यात किमान 58 लाख खाती होती. ही रेघ यंत्राने आखलेली नाही. होट्टलच्या शाळेतल्या पोराला आणि मुंबईच्या नटाला वेगवेगळी चाळणी लावायचं माणसांनीच ठरवलं, आणि मला ते सरळ अन्याय्य वाटतं.

आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या प्लॅटफॉर्मवर बंधन घातलं: स्वतःहून काही हटवलं तर कारण कळवायचं आणि आक्षेप नोंदवायची संधी द्यायची. प्रत्येकाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा. त्याचा निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. 2023 च्या जानेवारीत अशा तीन समित्या नेमल्या गेल्या. आपल्याकडच्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे. म्हणून फोटो हटला की आधी नोटिशीचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ टिपून ठेवा.

मी तक्रार मराठीत लिहिली. मूळ फोटो जोडला, मित्राच्या पोस्टची लिंक दिली आणि खाली लिहिलं: हे दगडी शिल्प आहे, सिद्धेश्वर मंदिर, होट्टल, तालुका देगलूर, जिल्हा नांदेड. पोचपावती इंग्रजीत आली. उत्तराची वाट पाहतो आहे.