काडतुसांची हातभरणी, हरणांच्या शिकारीसाठी

झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करून, डायमधून (पोलादी साच्यातून) दाबून मूळ मापावर आणून, तिच्यात नवी टोपी (आघाताने ठिणगी पाडून दारू पेटवणारी छोटी वाटी), तोललेली धूरविरहित दारू आणि निवडलेली गोळी बसवण्याच्या क्रियेला हातभरणी म्हणतात. हरणांच्या शिकारीच्या संदर्भात ‘लहान कॅलिबर’ (कॅलिबर म्हणजे नळीचा किंवा गोळीचा व्यास) ही संज्ञा सामान्यतः ०.२२ ते ०.२५७ इंच व्यासाच्या गोळ्यांना, आणि त्यांतही मुख्यतः ६ मिमी. गटाला (गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.२४३ इंच) लावतात. गोळी व दारू या दोहोंचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम.

पुंगळी पुन्हा वापरता येते ती तिच्या तळाच्या रचनेमुळे. १८६६ च्या सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन आणि ब्रिटनमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी केंद्रज्वलन (तळाच्या मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या) टोपीच्या दोन वेगळ्या रचना पुढे आणल्या. बॉक्सरच्या रचनेत ऐरण (जिच्यावर आपटून टोपीतील स्फोटक पेटते तो कठीण भाग) टोपीतच असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच ज्वालाछिद्र असते. त्यामुळे आतून सरळ सुई घालून जळालेली टोपी ढकलून काढता येते. बर्डनच्या रचनेत ऐरण हा पुंगळीचाच भाग असून छिद्रे तिच्या बाजूंना असतात, त्यामुळे ही साधी युक्ती तिथे चालत नाही. पुढे अमेरिकेत बॉक्सरची, तर युरोपातील लष्करी काडतुसांत बहुधा बर्डनची रचना रूढ झाली. हातभरणीचा छंद अमेरिकेत अधिक फोफावला, यामागे इतर कारणांइतकाच हा फरकही असावा असे मानणे सयुक्तिक वाटते. जुन्या टोप्यांतील पारा पितळाला ठिसूळ करीत असे. पाराविरहित टोप्या सर्रास मिळू लागल्यावरच एक पुंगळी अनेकदा भरणे भरवशाचे झाले.

६ मिमी. काडतुसाला हरणांचे काडतूस म्हणून प्रतिष्ठा कोणी मिळवून दिली, याविषयी मतभेद आहेत. हे कॅलिबर स्वतः जुने आहे. अमेरिकी नौदलाने १८९५ मध्ये ६ मिमी. ली काडतूस स्वीकारले होते. तथापि आजचा प्रघात १९५५ पासूनचा आहे. त्या वर्षी विंचेस्टर या अमेरिकी बंदूक-कंपनीने .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या पुंगळीची मान (गोळी धरणारे अरुंद तोंड) बारीक करून .२४३ विंचेस्टर, तर तिच्या प्रतिस्पर्धी रेमिंग्टनने ७ मिमी. मौझर घराण्याच्या पुंगळीवर आधारलेले .२४४ रेमिंग्टन बाजारात आणले. पहिल्याचे श्रेय काहीजण शिकारविषयक लेखक वॉरन पेज यांच्या प्रयोगांना आणि दुसऱ्याचे आरसीबीएस या अवजार-कारखान्याचे संस्थापक फ्रेड हंटिंग्टन यांना देतात. कोणत्याही एका नावापेक्षा, छांदिष्टांनी आपल्या कार्यशाळांत घडवलेल्या काडतुसांमागून कारखाने गेले, हे मत अधिक ग्राह्य आहे.

दोहोंपैकी .२४३ का टिकले, याचे प्रचलित उत्तर नळीतील आट्यांच्या (गोळीला स्वतःभोवती फिरवणाऱ्या सर्पिल खाचांच्या) पिळात शोधले जाते. विंचेस्टरची नळी १० इंचांत एक फेरा देत असे, रेमिंग्टनची १२ इंचांत. गोळी स्थिर राहण्यासाठी लागणारा पीळ तिच्या वजनापेक्षा लांबीवर अधिक अवलंबून असतो; ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्रही व्यास व लांबी यांवरच उभे आहे. त्यामुळे १०० ग्रेनची लांब, टोकदार गोळी .२४४ मध्ये भरवशाची नाही असे म्हटले जाऊ लागले. कारखाना मात्र या काडतुसात ९० ग्रेनची गोळी देत होता आणि ती पुरेशी स्थिर राहत असे. म्हणून प्रत्यक्ष दोषापेक्षा, छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठीचे काडतूस ही त्याची ओळख अधिक भोवली असावी. १९६३ मध्ये रेमिंग्टनने ९ इंचांचा पीळ देऊन तेच काडतूस ६ मिमी. रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले, पण तोवर बाजार ठरून गेला होता.

लहान कॅलिबरमध्ये हातभरणीचा खरा लाभ वाढीव वेग नसून गोळीची निवड हा आहे. उपद्रवी प्राण्यांसाठीची पातळ आवरणाची गोळी हरणाच्या खांद्यावर उथळच फुटते आणि जनावर जखमी होऊन निसटते. ही यातना टाळणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. अमेरिकी गोळी-निर्माते जॉन नोझलर यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेल्या गोळीत मधे आडवा पडदा असतो. तिचा पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून खोल जातो. निव्वळ तांब्याच्या गोळ्या शिशापेक्षा कमी घनतेमुळे त्याच वजनाला अधिक लांब होतात, त्यामुळे पिळाचा जुना प्रश्न त्यांच्यासोबत परत येतो.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार सर्वसाधारणपणे किमान ०.२४० इंच कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड ऊर्जा लागते. भेकर व चिनी जलहरीण यांच्यासाठी ०.२२० इंचाची सवलत आहे.

भरणीत दारूचे प्रमाण प्रकाशित तक्त्यातील किमान आकड्यापासून हळूहळू वाढवतात, कारण टोपी, पुंगळी किंवा गोळी बदलली तरी दाब बदलतो आणि लहान पुंगळीत हा फरक अधिक जाणवतो. वारंवार दाबल्याने मानेचे पितळ कडक होऊन चिरते, म्हणून काही फेऱ्यांनंतर फक्त मान तापवून मऊ करतात. तळाला उष्णता पोहोचू देत नाहीत, कारण मऊ झालेला तळ दाब सोसू शकत नाही.