‘चर्च’मधला च मुळात क होता

‘चर्च’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘चर्चा’वरून आला, असे ठासून सांगणारा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. आज दोन शब्द सारखे ऐकू येतात, हा व्युत्पत्तीचा सर्वांत कच्चा पुरावा होय. कारण ध्वनी शतकानुशतके बदलत असतात आणि तेही मनाला येईल तसे नव्हे, तर नियमाने.

ग्रीकमध्ये ‘क्यूरिओस’ म्हणजे प्रभू, आणि ‘क्यूरिआकोन’ म्हणजे प्रभूचे ते, अर्थात प्रभूचे घर. चौथ्या शतकात ख्रिस्ती प्रार्थनागृहासाठी हा शब्द वापरात होता आणि पुढे तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळातल्या, भाषांत शिरला. डच ‘केर्क’ आणि स्कॉटलंडमधला ‘किर्क’ ही त्याचीच रूपे. (गोव्यात चर्चला म्हणतात त्या ‘इगर्जी’चे कूळ वेगळे आहे. तो शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचे मूळ असलेला ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ अथेन्समधल्या नागरिकांच्या सभेचे नाव होता.)

मग इंग्रजीतच च कुठून आला? ‘का’ आणि ‘की’ सावकाश उच्चारून पाहावे. ‘का’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. ‘की’ म्हणताना मात्र पुढच्या ‘ई’ची तयारी आधीच सुरू झालेली असल्याने तो स्पर्श कठीण टाळूकडे सरकतो. पिढ्यान्‌पिढ्या हे सरकणे वाढत गेले की क-चा च होतो. यालाच तालव्यीकरण म्हणतात. जुन्या इंग्रजीत नेमके हेच घडून ‘चिरिचे’ असे रूप तयार झाले. त्याच नियमाने, हनुवटीला जर्मनमध्ये ‘किन’ तर इंग्रजीत ‘चिन’ म्हणतात. संस्कृतातही हा बदल त्याच्या कितीतरी आधी, स्वतंत्रपणे झाला होता: ‘आणि’ या अर्थाचे लॅटिन ‘क्वे’ आणि संस्कृत ‘च’ हे एकाच मुळाचे आहेत.

यावर कोणी विचारील, की मग ‘किंग’चे ‘चिंग’ का झाले नाही? ही शंका अगदी रास्त आहे, आणि तिच्या उत्तरातच या नियमाची खरी ताकद दिसते. क-चा च होत होता त्या काळात या शब्दातल्या क-पुढे ‘इ’ नव्हता, ‘उ’ होता, आणि ‘उ’ जिभेला पुढे ओढत नाही. तो स्वर पुढे सरकत सरकत ‘इ’पर्यंत पोहोचला, तोवर तालव्यीकरणाचा काळ उलटून गेला होता. याचा पुरावा फिनिश भाषेत आहे: तिने प्राचीन जर्मानिकातून उसना घेतलेला, राजा याच अर्थाचा शब्द आजही ‘कुनिंगास’ असा उच्चारला जातो.