एकरी किती बॅगा टाकायच्या?

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, यंदा एकरी खताच्या किती बॅगा? शेजाऱ्याने दोन टाकल्या म्हणून आपण दोन, दुकानदार म्हणाला अडीच टाका तर अडीच. पण शेजाऱ्याच्या कपाशीला लागू पडलेलं खत आपल्याला का लागू पडत नाही, आणि आपल्याच पाच एकरात नाल्याकडचं पीक हिरवंगार तर चढाकडचा पट्टा रोडावलेला असं का होतं, खत तर दोन्हीकडे सारखंच टाकलंय, हा खरा विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

मुळातला नियम तसा जुना आहे. १९व्या शतकात जर्मनीत श्प्रेंगेल आणि नंतर लीबिग या शास्त्रज्ञांनी मांडला की पिकाची वाढ ज्या अन्नद्रव्याची सगळ्यात जास्त टंचाई असेल तिथे अडते, बाकीचं कितीही ओता. नायट्रोजन भरपूर आहे आणि झिंक नाही, तर आणखी एक बॅग युरिया टाकून झिंक भरून निघत नाही. आपल्याकडचं याचं फार बोलकं उदाहरण म्हणजे उत्तराखंडच्या तराई भागातल्या पंतनगरचा भात. तिथे भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग पडून पीक खुरटायचं, लोक त्याला खैरा म्हणायचे. १९६६ मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत नेने यांनी दाखवून दिलं की यात बुरशी नाही की जिवाणू नाही, ही झिंकची कमतरता आहे. उपाय निघाला झिंक सल्फेटचा.

आता आपल्या सोयाबीनकडे या. जुलैमध्ये सोयाबीन पिवळं पडलं की पहिला हात युरियाकडे जातो, कारण युरिया टाकला की हिरवं होतं हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. पण जरा वाकून पान बघा. नायट्रोजन कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड जुन्या पानातला नायट्रोजन काढून नव्या पानांना पाठवतं. लोह कमी पडलं तर उलटं, वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, कारण लोह झाडाला असं इकडून तिकडे हलवता येत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं पण पिकाला मिळेल अशा रूपात नसतं, त्यात पाणी साचलं की अजूनच अडचण. अशा पिवळेपणाला युरिया टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. (पिवळ्या मोझॅकचा पिवळेपणा अजून वेगळा, तो व्हायरस आहे, त्याला कुठलंच खत चालत नाही.)

सोयाबीनचंच अजून एक. फुलं लागायच्या सुमाराला एखादं झाड ओढू नका, खुरप्याने मातीसकट अलगद उपटा, मुळं पाण्यात हलकी धुवा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर आतले रायझोबियम जिवाणू कामावर आहेत, हवेतला नायट्रोजन पिकाला फुकट मिळतोय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम बंद. आणि सुरुवातीलाच युरियाचा मारा केला की झाड गाठी कमी धरतं, आयता नायट्रोजन मिळाल्यावर जिवाणूंना साखर कशाला पुरवायची असा त्याचा सरळ हिशेब असतो. म्हणजे बॅगेचे पैसेही गेले आणि फुकटचा कारखानाही बंद पडला.

खत टाकायचं कसं यानेही खूप फरक पडतो आणि इथे छोट्या शेतकऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं असं मला वाटतं. स्फुरद म्हणजे फॉस्फरस मातीत जागचा फारसा हलत नाही, काळ्या जमिनीत चुन्याशी आणि कोकणातल्या जांभ्या मातीत लोह-ॲल्युमिनियमशी तो बांधला जातो. त्यामुळे डीएपी (स्फुरद आणि नायट्रोजन असलेलं खत) वरून फोकून दिलं तर ते वरच्या थरात अडकून बसतं आणि मुळं खाली. पेरणीबरोबर दोन चाड्याच्या पाभरीने (एका चाड्यात बियाणं, दुसऱ्यात खत) बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पेरून दिलं तर तेवढंच डीएपी जास्त काम करतं. युरियाचं वेगळं, तो पाण्यात लगेच विरघळतो, पण आपल्या विम्लधर्मी (म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) जमिनीवर नुसता पसरून ठेवला आणि पाऊस आला नाही तर त्यातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, आणि पाणी तुंबलं तरी तो वायू होऊनच जातो. म्हणून वाफसा, म्हणजे मातीत बेताची ओल, असताना देऊन लगेच कोळपणी, विदर्भात डवरणी म्हणतात ती, करून मातीआड केलेला बरा.

चढाकडच्या पट्ट्याची गोष्ट मात्र पाण्याची आहे. दख्खनच्या शेतात वरच्या बाजूला हलकी बरड जमीन, वीतभर खोदलं की मुरूम, आणि नाल्याकडे भारी काळी. हलक्या जमिनीत ओल मुळात थोडी, तिथे सुरुवातीलाच भरपूर युरिया दिला की पानं फोफावतात, ती पानं उरलीसुरली ओल भराभर ओढतात आणि पावसाचा खंड पडला की तोच पट्टा आधी सुकतो. कोरडवाहूत नायट्रोजन हप्त्याहप्त्याने आणि पाऊस बघून द्यायचा सल्ला असतो तो यासाठीच.

छोट्या शेतात असा फरक फक्त आपल्याकडे आहे असं नाही. झिम्बाब्वेतल्या मुरेवा भागात शामी झिंगोरे, केन गिलर वगैरे शास्त्रज्ञांनी याचा फार चांगला अभ्यास केला. तिथलं शेणखत वर्षानुवर्षं घराजवळच्या शेतातच पडत आलं, कारण जनावरं कमी आणि लांब वाहून नेणं अवघड. परिणाम असा की घराजवळच्या शेतात मक्याला रासायनिक खत चांगलं लागू पडायचं, आणि त्याच माणसाच्या लांबच्या रेताड शेतात नुसत्या नायट्रोजनने जवळजवळ काहीच व्हायचं नाही. तिथे काही हंगाम सलग शेणखत घातल्यावर मग कुठे जमीन खताला साथ द्यायला लागली, आणि तीही हळूहळू.

आपल्याकडे हिमाचलमधल्या पालमपूरला १९७२ पासून एक दीर्घकाळचा प्रयोग चालू आहे. तिथे ज्या प्लॉटला दरवर्षी फक्त युरिया मिळाला तिथली माती इतकी आम्ल झाली की मका आणि गव्हाचं उत्पादन अखेर शून्यावर आलं. आपली काळी चुनखडीची जमीन सहजासहजी अशी आम्ल होणार नाही, पण एकट्या युरियावर शेती चालत नाही हे इथेही खरंच आहे. अकोल्याला १९८८ पासून ज्वारी-गव्हावर असाच प्रयोग आहे आणि संतुलित खत अधिक शेणखत दिलेला प्लॉटच तिथे सरस ठरत आलाय. त्यामुळे शेणखत की रासायनिक खत हे भांडण मला फोल वाटतं. एक टन शेणखतात नायट्रोजन जेमतेम ५ किलो, ४५ किलोच्या युरियाच्या एका बॅगेत २० किलोच्या वर, तेव्हा शेणखत बॅगेची जागा घेऊ शकत नाही, पण ओल धरणं, सूक्ष्म अन्नद्रव्यं पुरवणं, जिवाणू जगवणं हे जे शेणखत करतं ते बॅगेला जमत नाही. आणि युरियाच का जास्त पडतो याला किंमतही कारण आहे, २०१० पासून स्फुरद-पालाशच्या (पालाश म्हणजे पोटॅश) खतांना ठरावीक सबसिडी आणि युरियाची किंमत मात्र सरकारने बांधलेली, मग गरीब माणूस स्वस्त तेच घेणार ना, त्याला दोष कसा द्यायचा.

माती परीक्षण करा हे सगळेच सांगतात, पण २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेचा, म्हणजे माती परीक्षणाच्या सरकारी कार्डाचा, नमुना कोरडवाहू भागात १० हेक्टरच्या चौकोनातून एक असा ठरवला होता, आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडची शेती, १.३४ हेक्टर. म्हणजे एका नमुन्यात सात-आठ जणांची शेतं! त्या कार्डावरचा आकडा तुमच्या बरड पट्ट्याचा असेलच असं नाही. म्हणून उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी, चढाचा आणि नाल्याकडचा नमुना वेगवेगळा काढा, बांधाजवळचा, झाडाखालचा, उकिरड्याजवळचा भाग सोडून. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर ती जमीन 'कमी' वर्गातली, तिथे शेणखताची ट्रॉली आधी न्या.

आणि एक स्वतःच करण्यासारखी गोष्ट, जिला काहीच खर्च नाही. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत पिकाचे चार-सहा तास (म्हणजे ओळी) बिनखताचे सोडा, शेजारच्या तेवढ्याच तासांना नेहमीचा डोस द्या, दोन्हीकडे खुंट्या ठोका, काढणीला दोन्हीकडचं वेगळं मळून वजन करा. फरक किती किलोचा, त्याचा बाजारभाव किती आणि बॅगेला किती गेले हे तिथल्या तिथे कळतं. फक्त एका वर्षावर निकाल देऊ नका, पावसाचा मोठा खंड पडलेल्या साली आणि भरल्या पावसाच्या साली तेच तास वेगळं वजन देतात, दोन्ही प्रकारची सालं वहीत उतरली की मग दुकानात जाताना डोस तुमचा असेल.