वाढवलेले हाड आणि वाढलेली उंची : एका आकड्याची पार्श्वभूमी

पाय लांबवण्याच्या शस्त्रक्रियेने उंची किती वाढते, असे पुण्यात आज कोणालाही विचारले तर ‘तीन इंच’ हे उत्तर बहुधा लगेच मिळते. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत भरतीची तयारी करणारा मुलगा हे उत्तर देतो, त्याच्या काळजीत असलेले वडीलही तेच देतात, आणि जाहिरातींमध्ये तर ते मोठ्या अक्षरांत असते. हा आकडा मुळात हाडाच्या लांबीचा आहे. तो उंचीचा आकडा म्हणून कसा रूढ झाला हे पाहायचे तर ही शस्त्रक्रिया कोणासाठी जन्माला आली तिथपर्यंत मागे जावे लागते.

मांडीचे हाड कापून, ताण देऊन ते लांब करण्याचा प्रयोग इटलीतील बोलोन्या येथून १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढची काही दशके जोराने ओढण्याची आणि त्यातून होणाऱ्या नसांच्या व कातडीच्या नुकसानीची आहेत. जर्मनीत रूढ झालेल्या नंतरच्या पद्धतीत दिवसाला सुमारे दीड मिलिमीटर वेगाने हाड ताणून मधल्या पोकळीत शरीरातले दुसरीकडचे हाड भरत आणि वर धातूची पट्टी बसवत. या साऱ्या काळात समोरचा रुग्ण एकच होता : एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असलेला माणूस.

खरे वळण सायबेरियातील कुर्गान गावी १९५० च्या दशकात आले. हाडाभोवतीचे आवरण आणि रक्तपुरवठा शक्यतो न दुखावता हाड कापायचे, पाच ते सात दिवस थांबायचे, आणि मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, असे अंतर वाढवत न्यायचे. म्हणजे मधली जागा शरीर स्वतःच्याच नव्या हाडाने भरून काढते, हे तिथे सिद्ध झाले. पश्चिम युरोपाला ही पद्धत १९८१ च्या सुमारास इटलीमार्गे समजली आणि त्यानंतर ती भारतात पोहोचली. पायाभोवती बाहेरून धातूच्या कड्या बसवतात, त्या आरपार तारांनी हाडाला आणि आट्यांच्या दांड्यांनी एकमेकींना जोडतात. म्हणून आपल्याकडे तिला ती शोधणाऱ्या कुर्गानच्या डॉक्टरांच्या नावाने ‘इलिझारोव्ह’ किंवा नुसते ‘रिंग’ म्हणतात, आणि ‘पायात रिंग घातली आहे’ एवढे म्हटले की पुण्यातल्या कोणत्याही अस्थिरोग विभागाच्या बाकावरच्या माणसाला सगळे कळते.

त्या काळातल्या रिंगांच्या रुग्णांबरोबर फिजिओथेरपी विभागात मी बरीच वर्षे काम केले, म्हणून या टप्प्यावर थोडे जास्त लिहितो. तेव्हाचे रुग्ण बहुतांश पोलिओचे होते. देशातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदवला गेला. त्याआधीच्या पिढ्यांमधली ही मुले. पायजम्याची बाहेरची शिवण उसवून तिथे नाड्या लावलेल्या असत, कारण रिंगवरून कापड चढत नसे. पाना आईच्या पदराला बांधलेला. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपताना ती प्रत्येक नटाला पाव फेरा देई. दांड्याच्या आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर, म्हणून पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. दिलेल्या फेऱ्यांच्या खुणा दिनदर्शिकेवर असत. तारा जिथे कातडीत शिरतात तिथे पू होऊ नये म्हणून गॉज बदलणे हे वेगळे काम. ताणणे दोन महिन्यांत संपले, तरी नवे हाड पक्के होईपर्यंत रिंग काढता येत नसे. दर सेंटिमीटरमागे एकूण महिना ते दीड महिना रिंग पायात राहते, असा हिशेब होता. सहा सेंटिमीटरसाठी सहा ते नऊ महिने.

या साऱ्या उपचारात उंची कोणीही मोजत नव्हते. रुग्णाला उभे करून आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवत जायचे, कंबरेची दोन्ही हाडे एका पातळीत आली की ठोकळ्यांची जाडी मोजायची, तेवढी तूट. पोलिओने गुडघा कमकुवत असलेल्या आणि कॅलिपर, म्हणजे पायाला ताठ ठेवणारा धातूचा आधार, लावून चालणाऱ्या मुलात तर ही तूटही पूर्ण भरून काढत नसत. न वाकणारा पाय जमिनीला अडकू नये म्हणून तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मुद्दाम आखूड ठेवत. यश मोजण्याची पट्टी कापलेल्या हाडाच्या दोन टोकांमधल्या अंतराची होती आणि त्या रुग्णासाठी ती पुरेशी होती. दोन्ही पाय सारखेच असलेला माणूस केवळ उंचीसाठी आला, तेव्हा शस्त्रक्रियेबरोबर हीच पट्टी त्याच्याकडेही आली. ती बदलायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीने खरे तर हा घोटाळा टाळण्याची सोय आधीच करून ठेवली आहे. आपण हाडाची, दोरीची, कापडाची लांबी म्हणतो. माणसाची, भिंतीची, झाडाची उंची म्हणतो. आडवी ठेवूनही जी मोजता येते ती लांबी, आणि उभे राहिल्यावर जमिनीपासून मोजायची ती उंची. जुन्या केसपेपरांवर आणि तोंडी बोलण्यात ‘पायाची लांबी वाढवणे’ असाच प्रयोग होता. गेल्या काही वर्षांत त्याची जागा ‘उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया’ या शब्दांनी घेतली. शस्त्रक्रिया हाडावरच होते आणि तिचा आकडाही हाडाचाच राहिला, पण नाव उंचीचे झाल्यामुळे तो आकडा उंचीचा वाटू लागला. इंचांनी त्यात भर घातली. घरात आपण उंची फूट-इंचांत बोलतो, कागदावर ती सेंटिमीटरमध्ये असते. ‘दोन-तीन इंच’ या सैल शब्दांत पाच सेंटिमीटरही बसतात आणि साडेसातही. दोन्ही पाय सहा-सहा सेंटिमीटर वाढले म्हणजे उंची बारा वाढली, असा समज करून घेतलेली माणसेही मला भेटली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ते कोणी नीट सांगितलेले नव्हते.

आकडे फुगण्याचे दुसरे कारण वेगळ्याच रुग्णांकडून आले. जन्मजात खुजेपणाच्या एका प्रकारात, ज्यात हातपाय धडाच्या मानाने फार आखूड असतात, मांड्या आणि नडग्या टप्प्याटप्प्याने लांबवून वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढ मिळाल्याची नोंद इटली, स्पेन आणि रशियातून झाली. त्या मुलांचे स्नायू व इतर मऊ भाग आखूड हाडांच्या मानाने सैल असतात, म्हणून ते एवढा ताण सोसतात, आणि त्यांच्या उपचाराला कित्येक वर्षे लागतात. सर्वसाधारण बांध्याच्या तरुणाचे स्नायू त्याच्या हाडांच्या मापाचेच असतात. हाडाच्या मूळ लांबीच्या वीस टक्क्यांपलीकडे गेले की त्रास झपाट्याने वाढतो, हा संकेत म्हणूनच पाळला जातो. मांडीच्या एका टप्प्यात पाच ते आठ, नडगीच्या टप्प्यात पाच-सहा सेंटिमीटर, या आजच्या मर्यादा तिथून येतात.

यानंतरचा इतिहास वेगाचा आहे. १९९० च्या दशकात हाडाच्या आत धातूची सळी आणि बाहेर रिंग अशी जोड पद्धत आली, त्यामुळे रिंग लवकर काढता येऊ लागली. पाठोपाठ आतल्या आत लांबणाऱ्या सळ्या आल्या. पाय फिरवून लांबवायच्या सुरुवातीच्या सळ्यांपैकी काही ठरल्यापेक्षा वेगाने लांबत. २०११ पासून बाहेरून चुंबकाच्या साहाय्याने फिरणारी सळी मिळू लागली आणि वेगावर ताबा आला. मांडीच्या सळीची कमाल मजल आठ सेंटिमीटर. ‘तीन इंच’ हे उत्तर बरेचसे या यंत्राच्या मापावरूनच आलेले आहे. जास्त वजन पेलणारी पोलादी सळी २०१८ मध्ये आली, पण सळीचे दोन भाग जिथे जुळतात तिथे गंज आढळल्यामुळे २०२१ च्या सुरुवातीला ती बाजारातून परत घेतली गेली. मधल्या काळात, २००६ मध्ये, चीनने केवळ उंचीसाठी ही शस्त्रक्रिया करण्यावर बंदी घातली.

आता प्रत्यक्ष किती मिळते ते पाहू. सळी मांडीच्या हाडाच्या दिशेने लांबते आणि ते हाड शरीराच्या उभ्या रेषेला सहा-सात अंश तिरके असते, तरी त्यामुळे आठ सेंटिमीटरमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर कमी होतो. खरी घट सांध्यांपाशी होते. हाड लांबले, स्नायू मागे राहिले, की गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रुग्णाला पलंगावर उताणे झोपवून मी गुडघ्यामागे हात घालतो. तीन बोटे आरपार जात असतील तर उंचीची मोजपट्टी काढण्यात अर्थ नसतो. गुडघा १० अंश वाकलेला राहिला तर उंची तीन मिलिमीटरच कमी होते, पण २० अंश राहिला तर सव्वा सेंटिमीटर जातो. मांडीचे पुढचे स्नायू आखडले की कंबर पुढे झुकते आणि पाठीला बाक येतो, त्यात आणखी काही जाते. नडगीच्या टप्प्यात टाच उचललेली राहते. त्या अवस्थेत घेतलेले माप उलट जास्त भरते आणि टाच टेकवली की खाली येते. नवे हाड कच्चे असताना आधार लवकर काढला तर ते थोडे दबते किंवा वाकते. हाड वेळेआधी जुळल्यामुळे किंवा नस ताणली गेल्यामुळे ठरलेल्या मजलेआधीच थांबावे लागणे हेही नेहमीचे आहे.

मोजमापाचे दोषही यात धरले पाहिजेत. क्ष-किरण चित्रात हाडाची सावली हाडापेक्षा मोठी पडते. ती दहा टक्क्यांनी मोठी असेल तर सहा सेंटिमीटर सहा पूर्णांक सहा दिसतात, म्हणून शेजारी ठाऊक मापाचा गोळा ठेवून हिशेब करावा लागतो. शिवाय माणूस सकाळी उठताना असतो त्यापेक्षा संध्याकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ठेंगणा असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. शस्त्रक्रियेआधी संध्याकाळी आणि नंतर सकाळी माप घेतले, तर कोणीही खोटे न बोलता अर्धा इंच जास्त निघतो.

हा अर्धा इंच पुण्यात किरकोळ नाही. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराला किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते, आणि १६३ वर अडकलेला मुलगा याच आशेने चौकशीला येतो. त्याच भरतीत धावण्याचीही चाचणी असते, याची आठवण त्याला पहिल्याच भेटीत करून द्यावी लागते. अलीकडेच आलेल्या अशा एका मुलाच्या फाइलमध्ये दोन्ही मांड्यांची दर आठवड्याची चित्रे तारीखवार लावलेली होती आणि प्रत्येकावर मिलिमीटर लिहिलेले होते. शेवटचा आकडा ६२. टाचा, पाठ आणि डोके भिंतीला टेकवून घेतलेले शस्त्रक्रियेपूर्वीचे माप मी पहिल्या पानापासून शोधले. ते कुठेच नव्हते. आईला विचारले, तेव्हा तिने घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने केलेली जुनी खूण आठवून सांगितली. ती त्याच्या दहावीच्या वर्षातली होती.