स्टॅटिक म्हणजे स्ट्राँग नव्हे : सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात मुलाखतीला येणारी पोरं एक वाक्य हमखास बोलतात. "सर, जावा स्टॅटिक आहे म्हणून कडक, पायथन डायनॅमिक आहे म्हणून ढिली." यातलं 'म्हणून' चुकतं. टाइप म्हणजे माहितीचा प्रकार : आकडा, मजकूर वगैरे. तो कधी तपासायचा, कोड चालवायच्या आधी की चालताना, हा स्टॅटिक-डायनॅमिकचा प्रश्न. टाइप जुळला नाही तर भाषा काय करते, हा स्ट्राँग-वीकचा.

उद्यमनगरातल्या मशीन शॉपमध्ये चार दिवस काढलेल्याला हे लगेच कळेल. काम मशीनवर चढवायच्या आधीच ड्रॉइंगची मापं तपासली, तर ते स्टॅटिक. जुळणी करताना माप घेतलं, तर डायनॅमिक. आता शाफ्ट बेअरिंगमध्ये जाईना. तो परत पाठवला तर स्ट्राँग, हातोडीनं ठोकून बसवला तर वीक.

म्हणून सगळ्या जोड्या सापडतात. सी स्टॅटिक आहे, तरी दशांशाचा आकडा पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये टाकला की पॉइंटानंतरचा भाग मुकाट्यानं कापते. पायथन डायनॅमिक, पण मजकूर आणि आकडा यांची बेरीज सांगा, टाइपएरर (टाइप जुळत नसल्याची चूक) देऊन थांबते. जावास्क्रिप्ट डायनॅमिकही आणि वीकही. गो, जावा, रस्ट स्टॅटिक आणि बऱ्यापैकी स्ट्राँग. 'बऱ्यापैकी' अशासाठी, की स्ट्राँगची सर्वमान्य व्याख्याच नाही. स्टॅटिकची मात्र स्पष्ट आहे.

हा फरक मला मार्केट यार्डात कळला. एका गूळ अडत्यासाठी आम्ही नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) सौद्याच्या नोंदींचं ॲप केलं होतं. एका शेतकऱ्याचे आधी ३० रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, उतरले, मागून आणखी ५ आले. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या कागदावर, छापून आले ३०५. दिवाणजींनी कागद माझ्यापुढं धरला. "आवो, एवढं रवं एका टेम्पोत मावत्यात व्हय?"

वेब फॉर्ममधून आलेला आकडा सर्व्हरवर मजकूर म्हणूनच पोचतो. अधिक चिन्हाच्या एका बाजूला मजकूर असला की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, दोन्ही तुकडे चिकटवते. गुणाकारात मात्र तोच मजकूर आपसूक आकडा होतो. रव्यांना भावानं गुणल्यावर उत्तर बरोबर यायचं, त्यामुळे चाचणीत आम्हाला काहीच दिसलं नाही. आधीचे ३० आकडा म्हणून साठवलेले होते, नवे ५ मजकूर होते; पायथन असती तर त्या ओळीवर पान बंद पडलं असतं. शेतकऱ्याच्या हातात चुकीची पट्टी पडण्यापेक्षा बंद पडलेलं पान शंभरदा परवडलं. म्हणजे इथं आम्हाला भोवला तो वीकपणा.

आम्ही निष्कर्ष काढला तो मात्र 'डायनॅमिक नको' असा, आणि सगळा कोड टाइपस्क्रिप्टमध्ये नेला. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली आणलेली ही भाषा जावास्क्रिप्टवर टाइपांची तपासणी बसवते. आम्ही 'रवे म्हणजे नंबर' असं लिहिलं, कंपाइलर (कोड चालवण्याआधी तो तपासून रूपांतर करणारा प्रोग्रॅम) हूं की चूं न करता पुढं गेला. चाचणीत पुन्हा ३०५!

कारण टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात, चालतं ते जावास्क्रिप्टच. बाहेरून येणाऱ्या डेटाबद्दल आम्ही कंपाइलरला शब्द दिला होता, त्यानं तो मानला. तपासला गेला तो आमचा कोड. शेतकऱ्याची नोंद तेव्हा आलेलीही नव्हती. सर्व्हरच्या कामात हे विसरून चालत नाही, कारण इथला जवळजवळ सगळा डेटा बाहेरूनच येतो. पायथनमध्ये २०१५ पासून टाइप हिंट (कोणता टाइप अपेक्षित आहे याच्या खुणा) लिहिता येतात, त्याही चालताना आपोआप तपासल्या जात नाहीत.

गोमध्ये चित्र बरंच बरं आहे. पूर्णांकाच्या जागी जेसनमधून (डेटा पाठवायचा एक लेखी साचा) मजकूर आला तर तिचं स्टँडर्ड पॅकेज तिथंच एरर देतं. पण रवे हा रकाना आलाच नाही तर? तक्रार न करता ० धरतं. तेव्हा दारावरची तपासणी गोमध्येही आपणच लिहायची.

मग स्टॅटिक कशाला? बदलासाठी. पुढं अडत्यानं रव्यांच्या नगाबरोबर वजनही मागितलं. आम्ही एका ठिकाणी टाइप बदलला आणि पट्टी, पावती, महिन्याचा हिशेब, जिथं जिथं जुना रकाना वापरला होता त्या प्रत्येक ओळीवर कंपाइलरनं बोट ठेवलं. वर्षापूर्वीचा कोड उघडणाऱ्याला याची किंमत कळते. एवढ्यासाठीच मी नवीन सर्व्हर आता गोमध्ये लिहितो.

अडत्याचं ॲप अजून टाइपस्क्रिप्टमध्येच आहे. प्रत्येक रूटच्या (सर्व्हरवर विनंती येण्याच्या पत्त्याच्या) तोंडाशी झॉड ही डेटा तपासणारी लायब्ररी बसवली आहे. ती मजकुराचा आकडा करते, तो पूर्णांक आहे का आणि शून्याच्या वर आहे का ते बघते. रकाना रिकामा राहिला तर पट्टी निघत नाही, दिवाणजींच्या पडद्यावर एवढंच येतं : 'रवे किती ते लिहा.'