विक्रीचं श्रेय कोणत्या जाहिरातीला? मोजणीच्या वादाची पार्श्वभूमी

लोअर परळ असो की अंधेरी, एजन्सीतल्या महिनाअखेरच्या बैठकीत एक पेच हमखास येतो. सोशल मीडियाचा डॅशबोर्ड एक विक्री आपल्या नावावर दाखवतो, सर्चचा डॅशबोर्डही तीच विक्री आपली म्हणतो आणि दोघांची बेरीज गल्ल्यात आलेल्या रकमेच्या वर जाते. यात लबाडी असतेच असं नाही. प्रत्येक यंत्रणा फक्त स्वतःच्या जाहिराती पाहते. ठरलेल्या मुदतीत ग्राहकाने तिची जाहिरात पाहिली किंवा क्लिक केली असेल, तर विक्रीची पूर्ण रक्कम ती स्वतःकडे जमा धरते.

छापील जाहिरातींच्या काळात हिशेब जाडाभरडा होता, पण सरळ होता. टपालाने माल विकणारे प्रत्येक जाहिरातीच्या कूपनवर वेगळा खूण-क्रमांक छापत. कोणत्या क्रमांकाची किती कूपनं परत आली, यावरून कोणत्या अंकातली जाहिरात चालली ते कळे. साबण-टूथपेस्टच्या मोठ्या कंपन्या पुढे संख्याशास्त्राकडे वळल्या. आठवड्याची विक्री, किंमत, सणवार, पाऊस, टीव्हीवरचा खर्च हे सगळं एकत्र मांडून प्रत्येक घटकाचा वाटा काढायचा. याला मार्केटिंग मिक्स मॉडेल म्हणतात. यात एकेका ग्राहकाचा माग लागत नाही आणि लावायची गरजही पडत नाही.

माग काढायची सोय झाली ती 1994 मध्ये. ब्राउझरमधली कुकी, म्हणजे भेट देणाऱ्याला पुन्हा ओळखण्यासाठी साइट ठेवते ती छोटी नोंद, आणि वेबवरची पहिली बॅनर जाहिरात, दोन्ही त्याच वर्षीच्या. 2005 मध्ये एका सर्च कंपनीने वेबसाइट मोजण्याचं साधन फुकट दिलं आणि छोट्या दुकानदारालाही विक्रीचा उगम दिसू लागला. मात्र त्या साधनात मुळातच बसवलेला नियम असा होता: थेट पत्ता टाकून आलेली भेट सोडून द्यायची आणि त्याआधीच्या शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय द्यायचं. पुढची कितीतरी वर्षं असंख्य बजेटं या एका नियमावर ठरली.

नियम बदलला की काय होतं, ते आकड्यांत पाहू. समजा, दादरच्या एका साडीच्या दुकानाच्या साइटवर ₹6,000 ची ऑर्डर आली. ग्राहक बाईंनी आधी रील पाहून क्लिक केलं होतं, मग ‘लग्नासाठी सिल्क साडी’ असं शोधलं, त्यानंतर दुकानाचा ईमेल उघडून साइट पाहिली आणि शेवटी दुकानाचं नाव सर्चमध्ये टाकून, वरच्या जाहिरातीवरून येऊन खरेदी केली. शेवटच्या क्लिकच्या नियमाने सगळे ₹6,000 नावाच्या सर्चला, पहिल्या क्लिकच्या नियमाने सगळे रीलला. समान वाटणीत प्रत्येकाला ₹1,500. टोकांना प्रत्येकी 40 टक्के देणाऱ्या नियमाने रील आणि नावाच्या सर्चला ₹2,400, मधल्या दोघांना ₹600. ऑर्डर तीच, बाई त्याच, पण पुढच्या महिन्यात रील बंद करायच्या की वाढवायच्या याचं उत्तर प्रत्येक वेळी वेगळं निघतं.

हे नियम शेजारीशेजारी ठेवून पाहता येत होते. 2023 मध्ये त्याच सर्च कंपनीने पहिला क्लिक, समान वाटणी, काळानुसार घट (खरेदीच्या जितका जवळचा क्लिक, तितका मोठा वाटा) आणि टोकांना जास्त वाटा देणारा, असे चारही नियम काढून टाकले. उरले दोन: शेवटचा क्लिक आणि यंत्राने डेटावरून ठरवलेली वाटणी. कारण असं सांगितलं गेलं की जाहिरातींच्या 3 टक्क्यांहूनही कमी रूपांतरणांसाठी, म्हणजे जाहिरातीतून झालेल्या खरेदी वा तत्सम कृतींसाठी, हे चार नियम वापरले जात होते. कारण खोटं म्हणता येणार नाही आणि यंत्राची वाटणी अनेकदा जास्त शहाणी असते, हेही मान्य. पण समान वाटणी ढोबळ असली तरी दुकानाच्या मालकाला कागदावर मांडून दाखवता येत होती. यंत्राने रीलला 17 टक्के का दिले आणि 30 का नाही दिले, हे आता एजन्सीलाच सांगता येत नाही, तर मालकाला काय सांगणार? त्यात ही वाटणी ठरवणारा स्वतःच जाहिरातीची जागा विकतो. मोजमाप आणि विक्री एकाच हातात असताना पारदर्शकता वाढायला हवी होती, ती कमी झाली.

दरम्यान मागही तुटत चालला होता. 2017 पासून एका ब्राउझरने तिऱ्हाईत कुकींवर, म्हणजे पाहत असलेल्या साइटऐवजी दुसऱ्याच कुणी ठेवलेल्या कुकींवर, बंधनं आणली. एप्रिल 2021 पासून आयफोनवरच्या अ‍ॅपना इतरत्र माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागू लागली आणि अनेकांनी ती नाकारली. आपल्याकडे ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची भर आहेच. ऑर्डर पडली की डॅशबोर्डवर महसूल चढतो, पार्सल दारातून परत गेलं तरी तो आकडा आपोआप उतरत नाही.

म्हणून जुनं मिक्स मॉडेल परत आलं आणि सोबत प्रयोगही. लिलावाच्या एका मोठ्या अमेरिकन साइटचा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिने स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती बंद केल्या, तर जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून आलेच. शेवटच्या क्लिकच्या हिशेबात याच जाहिराती सर्वांत कमाऊ दिसतात. जाहिरात नसती तर ही विक्री झाली असती का, हे विचारणारी मोजणी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

मुंबईत ती करणं मात्र अवघड आहे. काही पिनकोडमध्ये जाहिरात चालू आणि काहींत बंद ठेवायची, तर माणूस कल्याणला राहतो, रील लोकलमध्ये पाहतो आणि पार्सल बीकेसीच्या ऑफिसात मागवतो. दोन्ही गट एकमेकांत मिसळतात. त्यामुळे अख्खं मुंबई महानगर एका बाजूला ठेवून तुलनेला पुणे किंवा नाशिक घ्यावं लागतं आणि त्या शहरांतली विक्री आधीपासून मुंबईसोबत वरखाली होत होती का, हे मागच्या वर्षभराच्या आकड्यांवरून तपासावं लागतं.